फाटकावरचे दादा

डावीकडचा सिंह राधाकिशनदादांसारखा दिसतो, हे सगळ्यात आधी दूधवाल्याच्या लक्षात आलं. म्हणजे लक्षात आलं असंही नाही. सोमवारी सकाळी त्याने फाटकापाशी गाडी थांबवली आणि सिंहाला म्हणाला, "रामराम दादा."

शिवशंकर धावत बाहेर आला. चौसाळ्यातलं नवं घर, नवं फाटक, फाटकाच्या दोन खांबांवर कालच बसवलेले सिमेंटचे दोन सिंह. शुक्रवारी वास्तुशांती. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर थोरला भाऊ राधाकिशन येणार होता, तेही जानकीबाईंनी दिराला तीनदा फोन केल्यावर. आणि येऊन पाहणार काय? धाकट्याने आपलं जनावर करून खांबावर बसवलंय.

"सिंह पायजेत कावून, हे मी आधीच इचारलं व्हतं," जानकीबाई म्हणाल्या. "घरात चोरण्यासारखं काय हाय?"

"शोभेला."

"शोभेला म्हंजी?"

शिवशंकरने बराच विचार केला. "समद्यांच्या दारावर सिंह हायेत."

"आपल्या दारावर भाऊजी हायेत."

मूर्ती करणारा सुंदरराव मांजरसुंब्याहून आला.

"सुंदरराव, हे कोन हाय?"

"सिंह."

"नीट बघा."

सुंदररावने मान वाकडी करून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला वाकडी केली. "आरं तिच्या! दादाच की!"

"तुमीच केलं ना?"

"मीच केलं. पर मी सिंह कुठं पाहिलाय मालक? अंग चित्रावरून केलं. तोंडाला आलो की हात त्याच्या मनानं जातो. दादा रोज धाब्यावर माझ्यासमोर चहा पेत बसतेत."

"मग तुमी तोंड फिरवून बसायचं!"

"चहा पिताना?"

मंगळवार. सुंदररावने मिशा घासून काढल्या. दादा तरुण दिसू लागले.

बुधवार. पिवळा रंग दिला. तरुण दादांना हळद लागली.

गुरुवार. आयाळ वाढवली. फेटा झाला. शेजारच्या तुळजाबाई रस्त्यात थबकल्या. "लग्नात अगदी असेच दिसत व्हते बगा."

शुक्रवार, सकाळी सात. गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं. तोवर सिंहाकडे न बघणारे लोकही आता थांबून विचारू लागले, आत कोन हाय?

दादा साडेआठला आले. त्यांनी सुतळी सोडली. गोणपाट खाली पडलं. जेवायला बोलावलेला सुंदरराव मंडपाच्या बांबूमागे सरकला.

"हा मी," दादा म्हणाले.

"दादा, मी मुद्दाम न्हाई..."

"आन त्यो तू." दादांनी उजव्या खांबाकडे बोट केलं.

शिवशंकरला काहीच कळेना. रविवारपासून त्या एका सिंहाकडे पाहूनच तर त्याला धीर येत होता. "मी? त्यो सिंह हाय, दादा."

जानकीबाईंनी तोंडाला पदर लावला.

"तुला दिसत व्हतं?" शिवशंकरने बायकोला विचारलं.

"पयल्या दिवसापासून. तुमी म्हनले, उजवा लई झाक जमलाय. मग मी कशाला बोलू?"

दादा दोन्ही खांबांच्या मधोमध उभे राहिले. एकदा स्वतःकडे बघत, एकदा भावाकडे.

"सुंदरराव, बाहेर ये. माझ्या दारावर बी दोन बसव."

"कसे पायजेत?"

"हेच दोघं."

"कावून, दादा?" शिवशंकरने विचारलं.

"माहीत न्हाई बे. बरं वाटलं बघून." दादा सुंदररावकडे वळले. "ह्याचं पोट तेवढं कमी कर. न्हाईतर लोक म्हनतील, थोरला उपाशी हाय." आणि ते चपला काढून आत गेले.

आतून भटजींनी दोनदा हाक मारली. शिवशंकर फाटकातच होता. त्याने मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून आ वासलेल्या उजव्या सिंहाशेजारी धरला. सिंहाकडे पाहिलं. मोबाइलमध्ये पाहिलं. कुणी बघत नाही याची खात्री करून त्याने तोंड थोडं उघडलं.

मग अजून थोडं उघडलं.