वारेनवीस नागोजी उचले यांनी ऊष्मायंत्र धुतले त्याची हकीकत

श्रीवायुदेवतेस चरण नाहीत, सबब मस्तक कोठे ठेवावे ते न कळे, म्हणोन नाकासमोर हात जोडोन आरंभ केला. शके सोळाशे आणि काही, धूलिनाम संवत्सरे, माघमासी, डोंगरमाथ्यावरील राज्यात जे वर्तमान जाले ते ऐसे. त्या राज्यात थंडी बहुत, म्हणोन राजवाड्याच्या खिडक्या चुन्याने बुजविल्या होत्या आणि आत हवा खेळावी म्हणोन थोर यंत्र बसविले होते. बैल रहाट ओढीत आणि रहाटाने पंखे फिरत आणि आतली कोंदट परंतु उबदार हवा बाहेर जाई आणि बाहेरची गार निर्मळ हवा आत येई, आणि दोहोंमध्ये तांब्याचे पातळ पत्रे, त्यायोगे जाणारीची ऊब येणारीस मिळे, परंतु हवेस हवा शिवत नसे. जैशा भांडलेल्या जावा एकमेकींचे तोंड पाहात नाहीत, तरी भिंतीवरोन आमटीची वाटी जाते, तैसे. कारागिराने जाते समयी इतकेच सांगितले की हंगामाहंगामास जाळी झटकावी, पत्रे कोमट पाण्याने धुवावे, आणिक काही करू नये.

या यंत्रावर नागोजी उचले म्हणोन वारेनवीस नेमिले होते. मनुष्य भला, परंतु अतिशय भाविक. त्यांनी विचार केला की जे खुद्द महाराजांस श्वास पुरविते त्यास घासणी लावावी ही बेअदबी. मग धुणे राहिले आणि पूजा सुरू जाली. दर अमावास्येस यंत्राच्या तोंडी गुलाल उधळावा, धूप दाखवावा, आणि त्यासही थंडी वाजत असेल म्हणोन तोंडावर शाल पांघरावी. यंत्र गुलाल मुकाट आत ओढी, आणि नागोजींस वाटे देवाने नैवेद्य घेतला, आणि डोळे भरोन येत.

ऐसी काही वर्षे लोटली आणि दरबारास जांभया लागल्या. सेनापती मुजऱ्यास वाकले ते तैसेच निजले. महाराजांस हुडहुडी भरे आणि झोपही येई, दोन्ही एकसमयावच्छेदे. वैद्यांनी काढे दिले, ज्योतिषांनी शनी दाखविला, आणि नागोजींनी दुसरी शाल पांघरिली. कारभारी केसोपंत मात्र खुशाल होते, कारण झोपेत महाराजांची मान पडे तीच मंजुरी समजोन ते राज्य हाकीत. इतक्यात शेजारच्या मुलखाचा वकील आला आणि म्हणाला की सरहद्दीवरील टेकडी आम्हांस द्यावी, उद्या भर दरबारी महाराजांनी रुकार द्यावा, न दिल्यास लढाई. त्या टेकडीवर नागोजींच्या कुटुंबाचे, म्हाळसाबाईंचे, माहेर होते.

ते दिवशी नागोजींनी धीर करोन शाल वर केली आणि जाळीस बोट लाविले, तो गुलाल भिंतीसारखा घट्ट. मग ते घरी येऊन ओसरीवर बसले आणि पानावर उठेनात. म्हाळसाबाई म्हणाल्या, "काय जाले ते सांगा तरी."

"देव गुदमरला आहे," नागोजी म्हणाले. "आणि मीच गुदमरविला. आता खोलले तर सर्वांस कळेल आणि नोकरी जाईल."

"आणि न खोलले तर महाराज मान टाकतील, टेकडी जाईल, आणि मला दिवाळीस माहेरी जावयास परवाना काढावा लागेल. पुढे महाराजही जातील, मग नोकरी राहील कोठे? दोहींकडोन जातेच आहे, तर धुवून तरी जाऊ द्या."

दुसरे दिवशी दरबार भरला आणि वकील बोलता बोलता स्वतःच तोंड उघडे टाकोन निजला, आणि महाराजांची मान हळूहळू खाली येऊ लागली. ते पाहोन नागोजी मागील दाराने धावले आणि दोन्ही शाली ओढोन जाळी उपसली. परंतु घाईत बैल थांबवावयाचे राहिले. मग पंख्याने वर्षानुवर्षांचा गुलाल एका दमात दरबारात फेकिला आणि महाराज, मानकरी, सिंहासन, सर्व लाल जाले, आणि पाठोपाठ निर्मळ हवा आली आणि सर्वांनी एकदाच डोळे उघडिले. वकिलाने सभोवार गुलाल पाहोन भीतभीत विचारिले, "लढाई जाली काय? कोणाची फत्ते?"

केसोपंत अर्धवट जागे होते. ते सवयीने म्हणाले, "आमची."

मग वकिलाने विचार केला की आपण निजलो तेवढ्यात युद्ध आटोपले, आणि टेकडीचे नाव न घेता स्वारीने कूच केले. नागोजींनी महाराजांचे पायी पडोन सर्व कबूल केले. महाराज तोंड पुसोन म्हणाले, "पत्रे धुवा, आणि यापुढे यंत्रास नमस्कारही करू नका." मग बहुत वर्षांनी ताजेतवाने होऊन केसोपंतांस पुसिले की आमच्या मानेने काय काय मंजूर जाले. तेव्हा कळले की केसोपंतांच्या जावयास तिन्ही पागा दिल्या होत्या, आणि पावसाळा रद्द केला होता.

पत्रे धुवून पुन्हा बसविल्यावर केसोपंतांनी नागोजींस एकांती गाठले आणि म्हणाले, "नागोजी, तुमची पूजा फार गोड होती हो. अमावास्येस चिमूटभर तरी चालू ठेवा. भक्ती एकाएकी सोडू नये."

नागोजींनी हात पुसले. मग म्हणाले, "पंत, माझी भक्ती तैसीच आहे. तुम्ही जरा बाजूस व्हा, तुम्ही हवेच्या वाटेत उभे आहा."

तात्पर्य, महाराज जागे जाले, टेकडी राहिली, जावई पायी चालू लागला, आणि पावसाळा पूर्ववत बहाल जाला. हकीकत येथे संपली. लेखणीने श्वास घ्यावा.