सुपडूआप्पाचं ॲव्हरेज

माझी बायको कमल गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सुपडूआप्पा दारी आला. लोक येत होते, डोळे पुसत होते, देवाची मर्जी म्हणत होते. हा ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "नाना, गाडी कितलं ॲव्हरेज दी ऱ्हायनी?"

माझ्या हातात तांब्या होता. फेकून मारला नाही, कारण तांब्या तिचा होता.

तर असा हा आमचा शेजारी. जन्मभर एसटी चालवली, शहाद्याहून धडगावचा घाट चढवला-उतरवला, आता रिटायर. स्वतःची गाडी नाही, कधी नव्हती. पण गावात कोणी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकायच्या आधी ॲव्हरेज विचारणार. नवरदेवाला विचारतो. डॉक्टरला नाडी दाखवता दाखवता विचारतो. सायकलवर फिरतो, तिचंही सांगतो, "एक कप च्यामा शहादा जाईसन येस." घरी एकटाच. डाळीखालचा गॅस आधीच बंद करतो, म्हणे राहिलेल्या वाफेवर शिजते. शिजत नाही. मी खाल्ली आहे.

आता माझ्या गाडीचं. जुनी आहे, पांढरी होती. पोरगा सुरतेला असतो. कमल गेल्यापासून फोनवर एकच, "बाबा, ती गाडी पेट्रोल पिते, विकून टाका, इकडं या."

मी म्हटलं, "गाडी विकणार नाही आणि येणारही नाही."

"मग सुपडूआप्पांना दाखवा. ते म्हणाले गाडीत दम आहे तर राहू द्या. नाही म्हणाले तर विकायची."

पोराला गाडी आप्पानंच शिकवली, त्याचा शब्द पोराला प्रमाण. मी म्हटलं, दाखवतो. कोणाच्या बापाला भितो?

आप्पा दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, टोपी घालून आला, जसा मुलगी बघायला आला. आधी धुराच्या नळीत बोट घालून काजळी चोळली, हुंगली. काळीकुट्ट होती. म्हणाला, "काया शे. हवा कमी भेटी ऱ्हायनी." हवेची जाळी काढली तर आतून कापसाची रुई निघाली, उशी भरेल एवढी. आमच्याकडं जिनिंगचे दिवस आले की रुई माणसाच्या नाकात जाते, गाडीच्या का नाही जाणार? मग चाकांत हवा भरली. मग मला लोणखेड्यापर्यंत गाडी चालवायला लावली, उतरला आणि एकेका चाकावर तळवा ठेवत फिरला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मागच्या उजव्या चाकावर ठेवला आणि ओरडला. चाक चटका देत होतं. ब्रेक धरून बसला होता, गाडी आपल्याच ब्रेकला ओढत चालली होती.

"सापडना चोर!" आप्पा नाचायचाच काय तो राहिला.

ब्रेक सुटा केला. टाकी गळ्यापर्यंत भरली. आठवडाभर मी गाडी फिरवली, परत गळ्यापर्यंत भरली. ॲव्हरेज होतं जवळपास तिथंच.

आप्पाचं तोंड उतरलं. "नाना, गाडी धडधाकट शे. मंग पेट्रोल कोठे जाय ऱ्हायनं?"

"मी पितो," म्हटलं. "रातले, गिलासमा."

"मजाक नको करू. पोरगाले काय सांगू? उद्या मी तुन्हासंगे गाडीमा बठसू. दिनभर."

दुसरा दिवस बाजाराचा होता. आप्पा सकाळीच आला आणि पुढचं दार उघडायला लागला. मी म्हटलं, "मागं बस." का म्हणून विचारलं नाही. मागं बसला.

शहाद्याच्या बाजाराशी मी नेहमीच्या लिंबाखाली गाडी लावली. इंजिन चालू, एसी चालू. कमलला दमा होता. भाजी घेऊन घामाघूम यायची, म्हणून मी गाडी थंड करून बसायचो. "आलीच" म्हणून जायची आणि दुधी-वांग्यांशी भांडत बसायची. आता ती नाही. मी बसतो. गाडी हलत नाही, पेट्रोल जळतं. मला कळत नाही असं नाही. मी ते हिशोबात धरत नाही, एवढंच.

मागून आप्पा म्हणाला, "नाना, कोनी वाट देखी ऱ्हायना?"

मी समोर बाजाराच्या तोंडाकडं बघत होतो. आरशात दिसलं, आप्पा आधी समोरच्या काचेबाहेर बघत होता, मग पुढच्या रिकाम्या सीटकडं बघायला लागला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेवढ्यात पोराचा फोन. "आप्पा आहेत का? त्यांना द्या."

स्पीकर लावून मागं दिला. गाडी गेली तर मी इथं येणार कसा आणि बसणार कुठं?

"आप्पा, सापडलं का? किती देते?"

आप्पानं घसा साफ केला. "गाडीमा काहीच खोट नई."

"पण आकडा सांगा ना."

"आकडा कसाले पायजे रे तुले? इकू नको. तुन्हा बाप आजून बाजार करी ऱ्हायना." आणि फोन कापला.

मग आप्पा उतरला, बाजारात गेला आणि भरताची हिरवी वांगी घेऊन आला. नको तेवढी महाग घेतली होती, कमलनं दोघांनाही हाकललं असतं. पिशवी मांडीवर घेऊन परत मागंच बसला.

"नाना," जरा वेळानं म्हणाला, "मन्हं घर बाजारना दिन लय मोठं लागस. पुढला बाजारले बी येऊ का? आठेच बठसू."

"ये," म्हटलं. "पण ॲव्हरेजनं नाव काढशी तं आठेच उतारी दिसू."

"नई काढाव," आप्पा म्हणाला.

मी गाडी गिअरमध्ये टाकली.