तीन गाड्या आणि एक शटल

विमान बडोद्याला उतरून पुरतं थांबायच्या आत रमाकांत शिर्क्यांनी फोन सुरू केला आणि लगेच त्यांना वाटलं, तो बंदच राहू दिला असता तर बरं झालं असतं. पुतण्या सोहमचा निरोप होता, ‘काका, बाहेर उभा आहे. आईने थर्मासमधून चहा दिलाय.’ त्याखाली तळमजल्यावरच्या जशुभाईंचा निरोप, ‘आवी गयो छुं.’ दोघांनाही त्यांनी स्वतःच बोलावलं होतं. हरणीच्या विमानतळावरून दांडिया बाजारातल्या घरी जायला टॅक्सी करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. गावात नातेवाईक आणि शेजारी असताना टॅक्सी करणारा माणूस त्यांच्या मते एक तर परका असतो, नाहीतर भांडकुदळ. एक गाडी ऐनवेळी आली नाही तर हाताशी दुसरी असावी, म्हणून त्यांनी दोघांना सांगून ठेवलं. पण बडोद्यात ‘न्यायला येतो’ म्हटलेला माणूस आला नाही असं होत नाही, हे लेकीकडे बंगळुरूला राहून ते साफ विसरले होते.

“दोघं आलेत,” बॅगांची वाट बघताना ते बायकोच्या कानाशी पुटपुटले. “एकाला काहीतरी सांगून परत पाठवायला हवं.”

“दोघं कोण?” अहल्याबाई म्हणाल्या. “मी तर दादाला बोलावलंय.”

रमाकांत मटकन ट्रॉलीवरच बसले.

दादा म्हणजे अहल्याबाईंचे थोरले भाऊ सुभानराव. दोन वर्षांपूर्वी याच नवरा-बायकोला विमानतळावर सोडायला सुभानराव गाडी धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून गोत्रीच्या आपल्या घरून निघाले होते. ते पोचेपर्यंत रमाकांत ‘उगाच त्यांचं पेट्रोल कशाला’ म्हणून बायकोला रिक्षात घालून निघूनही गेले. ‘त्या घरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही,’ असं सुभानराव तेव्हा म्हणाले. ते वाक्य सगळ्या नात्यात फिरलं आणि त्यांनी ते तंतोतंत पाळलं. भाऊबीज अहल्याबाईच गोत्रीला जाऊन करून येत आणि घरी आल्यावर डोळे पुसत. या वेळी मात्र त्यांनी बंगळुरूहून धीर करून भावाला फोन केला होता, “दादा, न्यायला येशील?” पलीकडून आवाज आला, “किती वाजता?”

“मला सांगायचं तरी,” रमाकांत म्हणाले.

“सांगितलं असतं तर म्हणाला असतात, उगाच पेट्रोल कशाला.”

रमाकांतांनी निमूटपणे तिन्ही बॅगा ट्रॉलीवर चढवल्या.

बाहेर तिघं हजर होते. सोहमने पुढे होऊन ट्रॉलीला हात घातला. दुसऱ्या बाजूने जशुभाईंनी ती धरली. “लावो काका, मने आपो. गाडी सामेज ऊभी छे.” सोहम म्हणाला, “अंकल, घरची गाडी आहे ना.” जशुभाई म्हणाले, “तो हुं बहारनो छुं?” सुभानराव दोन पावलं मागे उभे होते, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांनी ही ओढाताण नीट बघून घेतली आणि हातातली किल्ली खिशात टाकली.

“तुमची सोय झालेली दिसते,” ते म्हणाले. “चांगलं आहे. निघतो मी.”

अहल्याबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. तो बघून, अशा वेळी भल्या माणसांना जे सुचतं तेच रमाकांतांना सुचलं. ते खोटं बोलले.

“अहो, थांबा. मला कुणाच्याच गाडीत बसता येत नाही. कंबर धरलीय. बंगळुरूच्या डॉक्टरने सांगितलंय, गादीची सीट बंद. फक्त रिक्षा.”

“रिक्षात बसून कंबर बरी होते?” सोहमने विचारलं.

“नवीन पद्धत आहे.”

“एवुं होय,” जशुभाई गंभीरपणे म्हणाले. “मारा साळाने तो लाकडाना पाटिया पर सुवाड्यो हतो.” त्यांच्या मेहुण्याला म्हणे चक्क लाकडी फळीवर झोपवलं होतं.

कुणाचीच गाडी नाही म्हटल्यावर कुणाचाच अपमान उरला नाही. बॅगांचा प्रश्न रमाकांतांनी न्यायाने सोडवला, तिघांना एकेक. “यांची कंबर सांभाळायला हवी,” असं म्हणून अहल्याबाई नवऱ्याबरोबर निघाल्या. आता खरं तर दारातली रिक्षा करायची. पण दारातल्या रिक्षावाल्याने सांगितलेलं भाडं ऐकून रमाकांत असे तडक फाटकाबाहेर निघाले की कंबर दुखणाऱ्या माणसाला ते मुळीच शोभलं नाही. मोठ्या रस्त्यावर घराजवळच्या रावपुऱ्याकडे जाणारी शटल रिक्षा मिळाली. एकेक सीट भरत जाणारी, स्वस्त आणि मस्त. नवरा-बायको मागे एका भाजीवालीशेजारी दाटीवाटीने बसले.

आणि मागोमाग तिन्ही गाड्या निघाल्या. न्यायला आलेला माणूस नुसती बॅग घेऊन पुढे कसा जाणार? शटल उतारूसाठी थांबली की तिन्ही गाड्या थांबत. शटल निघाली की निघत. मागची वाहनं हॉर्न वाजवून हैराण झाली. शेवटी शटलवाल्याने आरशात बघत विचारलं, “काका, तमे मिनिस्टर छो?”

“ना रे भाई,” रमाकांत कसनुसे म्हणाले. “सगां छे.”

अमितनगर सर्कलला भाजीवाली उतरली आणि शटल नव्या उतारूची वाट बघत उभी राहिली. तेवढ्यात सुभानरावांनी आपली गाडी झाडाखाली लावली, लॉक केली आणि तरातरा चालत आले.

“सरका जरा.”

“दादा, गाडी?” अहल्याबाईंनी विचारलं.

“राहू दे तिथे. तू मला न्यायला बोलावलंस ना? मग मीच नेणार.”

ते मेहुण्याला खेटून बसले. कडक इस्त्रीची पार वाट लागली. कारेलीबाग मागे पडलं.

“कंबर कशी आहे?” सुभानरावांनी विचारलं.

“ठीक आहे.”

“ठीकच असणार. फाटकापर्यंत तुम्ही धावत गेलात.” जरा थांबून ते म्हणाले, “रमाकांतराव, पेट्रोल माझं होतं. जाळायचं की नाही ते मी ठरवलं असतं.”

“चुकलंच माझं,” रमाकांत म्हणाले, आणि या वेळी ते खरं बोलत होते. अहल्याबाई बाहेर बघत राहिल्या, पण त्यांना फार बरं वाटलं.

रावपुऱ्याला उतरल्यावर भाडं सुभानरावांनी दिलं. तिथून तिघं घरापर्यंत चालत आले. जिना मात्र सुभानराव शेवटच्या पायरीपर्यंतच चढले. “पोचवलं. येतो मी,” ते म्हणाले. बोललेला शब्द अजून शाबूत होता.

सोहम आणि जशुभाई बॅगा घेऊन वर आले, तोवर अहल्याबाई दारात उभ्या राहून पर्स उचकत होत्या. “अगंबाई. किल्ली निळ्या बॅगेत राहिली.”

निळी बॅग सुभानरावांकडे दिलेली. ती अमितनगर सर्कलला, झाडाखाली, कुलूपबंद गाडीत.

“चला मामा, मी नेतो,” सोहम म्हणाला. जशुभाईही पुढे सरसावले, “ना ना, मारी गाडी नीचेज छे.”

सुभानरावांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. आपल्या मेहुण्यावर काय प्रसंग आला होता ते त्यांना आता कळलं. “मी शटलने जातो,” ते घाईने म्हणाले.

“मीही येतो,” रमाकांत म्हणाले.

दोघं गेले. जशुभाईंनी जिन्यात खुर्च्या आणून टाकल्या, थर्मासमधला चहा वाटला गेला. बराच वेळ झाला तरी दोघांचा पत्ता नाही. अहल्याबाईंच्या मनात नाही नाही ते यायला लागलं, तेव्हा खाली सुभानरावांची गाडी थांबली. पुढच्या गादीच्या सीटवर रमाकांत रेलून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर सगळ्यांना पुरेल एवढी शेवउसळ होती. पैसे त्यांनी दिले होते, तेही आपणहून.

सुभानराव बॅग घेऊन वर आले. जिन्यातच ती उघडून त्यांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं, आत जाऊन खिडक्या उघडल्या, पंखा लावला, खुर्चीवरची चादर झटकली आणि वळून बघितलं, तर सगळे उंबऱ्याबाहेर गप्प उभे.

“बघत काय बसलात?” ते म्हणाले. “या की आत.”

आपण आत आलोय हे त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. ते लक्षात येण्याआधी त्यांच्या हातात शेवउसळीची वाटी असावी, म्हणून अहल्याबाई चपला न काढताच स्वयंपाकघराकडे धावल्या.