अकरा कोपऱ्यांच्या इमारतीची हकिकत

श्री वास्तुपुरुष प्रसन्न. चारी दिशांस नमस्कार, आणि पाचवी दिशा जी पार्किंग, तीसही नमस्कार. शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सरे, चैत्रमासी या राज्यात जे कार्य आरंभिले गेले, तैसे पृथ्वीवर पूर्वी कोणी केले नाही. राजे उदंड जाहले, त्यांनी किल्ले बांधले, तळी खोदली. परंतु प्रजेतील एकूण एक मनुष्यास कोपऱ्याचा गाळा देईन, ऐसा पण कोणी केला नाही. तो या राज्याने केला. प्रजा मोजता अकरा दुकानदार भरली. राज्याची हद्द म्हणाल तर पूर्वेस रसवंती आणि पश्चिमेस एसटी स्टँडची भिंत. या टोकाहून त्या टोकास चालत जाता तोंडातला विडा रंगत नसे.

गादीवर श्रीमंत केरबाशेठ कुदळे, व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, धंदा भांड्यांचा. अकराही जण वर्षानुवर्षे पत्र्याच्या टपऱ्यांत बसून उन्हाने भाजत होते, त्यांनी मिळून मोकळा प्लॉट संपादिला आणि नगराच्या दरबारातून, म्हणजे नगरपालिकेतून, बांधकामाची मंजुरी आणिली. मंजुरीस अट एकच, की दसऱ्याचे आत काम सुरू दिसले पाहिजे, नाहीतर कागद रद्द. मग महाराजांनी आज्ञा केली की, पक्की इमारत उठवावी, खाली अकरा गाळे काढावे आणि वर सभागृह करावे, त्यात आम्ही बसावे आणि डोईवर पंखा फिरावा. नकाशाचे कामी नरहरपंत खांबेटे इंजिनियर यांस पाचारण जाहले.

पंतांचे वय चोपन्न. तीस वर्षांत पंतांनी पाण्याच्या टाक्या बांधिल्या, कंपाउंडच्या भिंती बांधिल्या, लोकांच्या घरांस मागून बाथरूम काढोन दिल्या. परंतु पायापासून माथ्यापर्यंत आपली म्हणावी ऐसी वास्तू एक नव्हे. त्यात कन्येचे लग्न नुकते जाहले होते आणि जावई दिवाळसणास यावयाचे होते. एके दिवशी स्कूटरवर मागे बसल्या बसल्या त्यांच्या पत्नी मथुराबाई सहज बोलत्या जाहल्या, “अहो, जावयांना दाखवायला तुमचं काहीतरी एक उभं असू दे. टाकी दाखवून कसं चालेल?” तो बोल पंतांचे काळजात रुतला, आणि पंत त्याच दिवशी नव्या पेन्सिली घेवोन आले.

पहिला नकाशा सरळ होता. एका रांगेस सहा गाळे, दुसरीस पाच, मध्ये जिना. तो दरबारात उलगडला मात्र, युद्धास तोंड लागले. कारण कोपरे चार आणि धनी अकरा. मिठाईवाले म्हणाले, गिऱ्हाईक वळते ते कोपऱ्यावर. चप्पलवाले म्हणाले, दोन बाजूंस पाटी लागते ती कोपऱ्यास. घड्याळवाले तर नकाशावर कोपऱ्यात बोट ठेवोन बसले ते चहा आला तरी उचलीनात. चिठ्ठ्या टाकाव्या ऐसे निघाले. त्यास सर्वांनी आनंदाने रुकार दिला, अट इतकीच की आपल्यास कोपरा निघावा. मग सभा उठली, आणि पुन्हा बसली, आणि पुन्हा उठली, आणि ऐसे करता आषाढ सरला.

तेव्हा पंतांनी मनाचा हिय्या केला आणि आठ दिवस घराबाहेर न पडता नवी व्यूहरचना मांडिली. करवतीस जैसे दाते, तैसा एकेक गाळा पुढे काढिला, आणि प्रत्येक दात्यास एक कोपरा, म्हणजे अकरा गाळ्यांस अकरा कोपरे. दरबार थक्क जाहला. महाराजांनी पेढे वाटविले, घड्याळवाल्यांनी आपले बोट आपल्या कोपऱ्यात सुखाने ठेविले, आणि पंत घरी येऊन जेवताना दोन वेळा हसले. मथुराबाईंनी जावयांस फोन करोन कळविले की, या, ह्यांची इमारत होते आहे.

परंतु दुसरे दिवशी ठकूताई शेटे, पिको-फॉलच्या दुकानाच्या धनीण, चष्मा लावोन नकाशासमोर उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळ पाहोन म्हणाल्या, “पंत, सगळं झकास आहे. फक्त वर जायचं कसं ते सांगा.”

जिना कोपऱ्यांनी खाल्ला होता.

मग जिना घालावा कोठे, म्हणून महाराजांनी हरएकास विचारिले, आणि हरएकाने शेजाऱ्याचे नाव सुचविले. बाहेरून काढू म्हटले तर तेथे पार्किंग. तिसरा नकाशा, चौथा नकाशा, पाचवा नकाशा जाहला. शेवटी पंतांस संताप येवोन त्यांनी साफ गोल इमारत काढिली आणि दरबारापुढे टाकिली, की घ्या, कोपराच नाही, आता भांडा. मग महाराज मृदू आवाजात बोलले, “पंत, गोल भिंतीला फळ्या कशा मारायच्या?” गोल नकाशा माघारी गेला आणि करवत पुन्हा आली.

इतक्यात नवरात्र बसले आणि सर्वांस मंजुरीची आठवण जाहली. पाया खोदावा तर तो कोठल्या नकाशाचा खोदावा हे ठरेना. न खोदावा तर प्लॉटवर गवत दिसते. तेव्हा ठकूताईंनीच मसलत दिली की, काम म्हटले की सिमेंट ठेवायला आणि राखणदाराला खोली लागतेच, ती आधी बांधा. ती कोणाची नव्हती, म्हणोन तिजबद्दल कोणी बोलले नाही. पंतांनी नकाशा वहीच्या पाठकोऱ्या कागदावर केला, तो कोणी पाहावयास मागितला नाही. बारा दिवस लागावयाचे ते दोन गवंडी घेवोन आठात उरकले. पाया पंतांचा, विटा पंतांनी वाजवोन घेतलेल्या, खिडकी पश्चिमेस, स्लॅबला उतार नीट. नवमीस नगराचे साहेब पाहणीस आले. ऊन फार होते, म्हणोन खोलीत बसले, चहा घेतला, म्हणाले, गार आहे हो आत. आणि ‘काम सुरू’ ऐसा शेरा मारोन गेले. राज्य वाचले.

मग महाराज आत येवोन बसते जाहले. मागोमाग चप्पलवाले आले, मिठाईवाले आले, सगळे आले. कोणी पंखा आणिला, तो महाराजांच्या डोईवर लाविला. सातव्या नकाशाची सभा तेथेच भरली, आणि पंतांनी पुन्हा जिन्याची गोष्ट काढिली, तेव्हा ठकूताई म्हणाल्या, “राहू द्या हो पंत. सभागृह तर खालीच झालं.”

दिवाळीस जावई आले. पंत त्यांस प्लॉटवर घेवोन गेले खरे, पण दारापाशीच थांबोन ते पार्किंगविषयी बोलू लागले. जावयांनी आत जावोन भिंतीवर थाप मारिली, वर स्लॅबकडे पाहिले आणि विचारिले, “गळत नाही ना?”

“परवाच मोठी सर झाली,” पंत म्हणाले, “थेंब नाही.”

मथुराबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “हे सगळं ह्यांचं. अगदी पायापासून.” आणि पदराने खिडकीची धूळ पुसली.

येणेप्रमाणे हकिकत जाहली. त्यास आज बारा वर्षे होतात. मोठ्या इमारतीचा तेविसावा नकाशा चर्चेत असून सर्व गाळेदार त्यावर समाधानी आहेत. साहेब दर दसऱ्यास येतात, खोलीत चहा घेतात आणि मंजुरी वाढवोन देतात. खोली दहा फूट बाय दहा फूट आहे. तिला कोपरे चार आहेत, म्हणून मंडळी हल्ली सभेला अर्धा तास आधी येतात.