अंबरीश सरांचा हलका लॅपटॉप

नांदेडात आपल्याइतका विचार करून आजवर कुणी लॅपटॉप घेतला नसेल, असं अंबरीश सरांचं ठाम मत होतं. लग्नाच्या वेळी त्यांनी मुलगी एकदाच पाहिली आणि हो म्हणून टाकलं. लॅपटॉप मात्र ते उन्हाळाभर पाहत होते.

त्याला कारणही तसंच होतं. सर नांदेडला अकरावी-बारावीची फिजिक्सची शिकवणी घ्यायचे आणि बायको देविका लातूरला शाळेत शिक्षिका. लग्न झाल्यापासून त्यांचा संसार एसटीत चालला होता. शनिवारी संध्याकाळी सर लातूरला जायचे, सोमवारी पहाटे परत. सोमवारी निघताना देविका ते दिसेनासे होईपर्यंत दारात उभी राहायची, ते सरांना आठवडाभर टोचत राहायचं. त्यात सरांची कंबर भारी नाजूक. जुन्या लॅपटॉपची बॅग पाठीला लावली की तासभर सरळ उभं राहता यायचं नाही.

आणि अशात लातूरच्या एका बड्या क्लासनं त्यांना डेमो लेक्चरला बोलावलं! भूकंपानंतर बसलिंगप्पा सरांनी पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेला तो क्लास आता चार मजली झाला होता. तिथं निवड झाली की लातूर, एक घर, एक स्वयंपाकघर. बायको लातूरला आहे हे मात्र मुलाखतीत बोलायचं नाही, असं सरांनी ठरवलं होतं. हा माणूस शिकवायला आलाय की नांदायला, अशी शंका नको.

मग सरांनी स्वस्त आणि हलक्या लॅपटॉपचा ध्यास घेतला. नांदेडातल्या सत्यमच्या संगणकाच्या दुकानात त्यांनी वापरलेला, छोट्या पडद्याचा एक पसंत केला आणि मग सत्यमच्या मागे लागले. आतली जुनी डिस्क काढून चिपवाली बसवायला लावली. मेमरी वाढवायला लावली. चार्जर बदलून बारका घेतला. प्रत्येक बदलानंतर लॅपटॉप शेजारच्या किराणा दुकानात नेऊन तराजूवर ठेवायचा, हा सरांचा नेम. किराणावाला शेवटी विचारू लागला की सर, हे सोलून देतात का? लेक्चरची सगळी हलती चित्रं सरांनी त्यातच भरली होती. पेनड्राइव्ह तेवढा घरी ठेवला, उगाच वजन कशाला?

एक काम राहिलं. क्लासचा प्रोजेक्टर जुना, त्याची जोडणी या छोट्या यंत्राला नव्हती आणि त्यासाठीची वायर यायला वेळ लागणार होता, म्हणून लॅपटॉप दुकानातच राहिला. शनिवार आला. सर लातूरला गेले. लेक्चर सोमवारी दुपारी. पण सोमवारीच सासरे शेषेराव भोकरहून लेकीकडे यायला निघणार होते, वाटेत नांदेड होतंच. सरांनी त्यांना फोन करून सांगितलं, की मामा, सत्यमच्या दुकानातून माझा हलका लॅपटॉप घ्या आणि थेट क्लासवर या. शेषेराव भोकरचे शेतकरी, शब्दाचे पक्के. "हाव, आणतो," म्हणाले.

सोमवारी सकाळी धाकधुकीनं सरांनी दुकानात फोन लावला. सत्यम म्हणाला, "मामा घेऊन गेले सर. एकदम भारी काम झालं." सरांचा जीव भांड्यात पडला.

दुपारी वर्ग गच्च भरला. पहिल्या बाकावर बसलिंगप्पा सर पांढऱ्या सफारीत बसले होते. भिंतीवर प्रोजेक्टरचा निळा चौकोन पडला होता आणि शेषेरावांचा पत्ता नव्हता. फोन लागत नव्हता. अंबरीश सर दर मिनिटाला जिन्याकडे बघत होते आणि घसा खाकरत होते. घशात काही नव्हतं. 

अखेर शेषेराव आले. त्यांच्या डोक्यावर एक खोकं होतं. देव्हारा मावेल एवढं.

सरांना वाटलं, लेकीसाठी काही आणलं असेल. पण शेषेरावांनी ते टेबलावर ठेवलं आणि आतून एक काळं धूड काढलं. सोबत विटेएवढा चार्जर. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मामा, माझा लॅपटॉप कुठंय?"

"त्यो परत केला," शेषेराव म्हणाले. "दुकानदार सोत्ता म्हणला, हलका हाय. म्या म्हणलं, भारी दाखव."

"मला हलकाच पाहिजे होता मामा. वजनाला हलका."

"आसं कसं? एवढ्या मोठ्या मानसांपुढं माझ्या जावयानं हलकी वस्तू काढायची? म्या जित्ता हाय अजून." वरचे पैसे आपण भरलेत, त्याची चिंता करू नका, असंही ते मोठ्या आवाजात म्हणाले. अख्ख्या वर्गानं ते ऐकलं.

आता रागवायचं तरी कुणावर? मायेनं आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची सोय नव्हती. सरांनी वायर जोडली आणि बटण दाबलं. कीबोर्डवर तांबडे-हिरवे दिवे नाचू लागले आणि आतला पंखा गिरणीसारखा सुरू झाला. भिंतीवर अक्षरं उमटली. कोरं यंत्र आपली तयारी करत होतं, जरा थांबा, बंद करू नका, अशी विनंती करत होतं. पोरं खिदळली. बसलिंगप्पा सरांनी घड्याळ पाहिलं.

संसार हातातून चाललाय, हे सरांना स्पष्ट दिसलं. त्यांनी ते धूड तिरीमिरीत बाजूला करायला उचललं आणि कंबरेत कट्टकन आवाज झाला.

सर वाकले ते वाकलेच. एक हात टेबलावर, एक कंबरेवर, मान तेवढी वर. पण हार मानायची नाही म्हणून त्यांनी त्याच अवस्थेत तोंड उघडलं. विषय गुरुत्वमध्य. "आता बघा," ते कण्हत म्हणाले, "मी हा हात सोडला तर पडेन. का पडेन?" पोरांना वाटलं, सर प्रयोग करून दाखवतायत. हात वर झाले. सर इकडे तोल सावरत होते, तिकडे उत्तरं येत होती. एकानं विचारलं, की सर, एक पाय उचलला तर? सरांनी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पाय उचलला. वर्ग टाळ्यांनी दणाणला.

लेक्चर संपलं तसे बसलिंगप्पा सर जवळ आले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"असं शिकवणं मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही पास. पण ही कंबर आणि हे ओझं घेऊन लातूरला कशाला हेलपाटे घालायचे? नांदेडला आपली शाखा निघतेय. तुम्ही घरीच राहा. नांदेड तुमच्याकडे."

सरांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हो म्हणायची सवय जिभेवर आली होती. पण दारात उभी राहणारी देविका दिसली आणि ते वाकलेल्या स्थितीतच बोलले, "सर, माझं घर इथं लातूरला आहे. बायको इथं आहे. मला नांदेड नको."

 बसलिंगप्पा सरांनी त्यांच्याकडे बघितलं, शेषेरावांकडे बघितलं.

"मग आधी सांगायचं की हो," ते म्हणाले. "ठीक. लातूर."

शाळेच्या मधल्या सुट्टीत देविकाचा फोन आला. सरांनी सगळं सांगितलं. 

"म्हणजे सोमवारी जायचं नाही?" तिचा आवाज ओला झाला होता.

"नाही. कुठल्याच सोमवारी नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "बरं. येताना चौकातून दळण घेऊन या. मोठा डबा आहे."

शेषेरावांनी खोकं डोक्यावर घेतलं. दळण मात्र सरांनी कुणाला उचलू दिलं नाही.