विटांची ट्रंक

धुळाप्पा खोली दाखवायच्या आधी माणसाच्या डोक्यावर ट्रंक द्यायचे. पत्र्याची, आत विटा. ती घेऊन त्यांच्या चाळीपासून मिरज स्टेशनापर्यंत चालायचं. ते मागून काठी टेकत येणार. फलाटावर पोचलं की समोर उभं राहून श्वास बघणार. ज्याला जास्त धाप, त्याला रुळाकडची खोली. धडधाकट माणूस मागच्या टोकाला, बाभळीखाली. भाडं सगळ्यांना सारखंच.

लढाईची वर्षं होती, जागा मिळत नव्हती, आणि मला सांगलीच्या शाळेत शिकवायला रोज गाडी धरायची होती. म्हणून चाळिशी उलटलेली मास्तरीण असूनही मी ती ट्रंक घेतली.

"आवं बाई, धाप न्हाई लागली?"

"नाही."

"मग मागं जावा. लय धट हायसा."

थोड्या धापा टाकून दाखवायच्या असतात, हे शेजारणींनी मला नंतर सांगितलं.

एवढ्यावर भागत नसे. कुणाला दिवस गेले, कुणाचा गुडघा सुजला, की धुळाप्पा अंगणातून ओरडत, "हलवा रं बिऱ्हाडं!" मग सगळी चाळ एकेक खोली सरकायची. चुली, पाळणे, कोंबड्या. माझ्या लोणच्याच्या बरण्या त्या चाळीत जेवढ्या हिंडल्या तेवढी मी जन्मात हिंडले नाही. सरकत सरकत मी रुळाकडून दुसऱ्या खोलीपर्यंत आले आणि तिथून हलायचं नाही असं ठरवलं.

धुळाप्पा स्वतः मात्र चाळीच्याही मागं खोपटात राहत. मूळचे जतकडचे, मेंढरं राखणारे. इस्पितळासाठी आलेली परगावची माणसं रोज स्टेशनावर जाऊन हुडकून आणत. पुढं त्यांनाच दम लागायला लागला.

"म्हातारा गेला तर त्यांचा पुतण्या इथं गुदाम बांधणार आणि आपण गावाबाहेर," मी चाळीला स्पष्ट सांगितलं. "पहिली खोली रिकामी आहे. त्यांना पुढं आणा."

धुळाप्पा सांगून ऐकेनात. शेवटी मी ट्रंक त्यांच्याच पुढ्यात ठेवली. त्यांनी रागानं उचलली, चाळीच्या फाटकापर्यंत पोचले आणि तिच्यावरच बसले.

"लागली धाप," मी म्हटलं. "पहिली खोली तुमची."

"नगं बाई. माझं कोन उतरनार हाय गाडीनं?"

"नियम तुमचाच आहे."

ते रुळांकडं बघत राहिले. "बायकूला इस्पितळात दावाया आनली तवा हितंच उतरलो. जवळ कुनी जागा दिली न्हाई. मेंढरांचा वास येतोय म्हनले. लांब गावली. बोचकं तिच्याच डोईवर हुतं. मी पुढं, ती मागं. मागं वळून बघितलंच न्हाई मी. बघितलं तवा ती वाटंत बसली हुती. उठली न्हाई."

मी ट्रंक उचलली. दुपारी त्यांचं घोंगडं आणि तांब्या पहिल्या खोलीत नेला.

चार दिवस झाले नसतील. संध्याकाळी गाडीतून उतरून आले तर फाटकाशी पाटणकडची एक बाई बसलेली, तोंडानं श्वास घेत. नवरा तरातरा पुढं निघालेला.

"मागं बघ की रं, गड्या!" धुळाप्पा त्याच्यावर ओरडत होते.

त्यांचं घोंगडं केव्हाच बाहेर अंगणात आलं होतं. ते उचलून खोपटाकडं वळणार, तोच मी त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्या खोलीत टाकलं. मग पदर खोचला आणि बरण्या उचलल्या.