अप्पांच्या ब्रेकमधली हवा

आमचे शेजारी दगडूअप्पा गाडी सुरू करण्याआधी ती थांबते की नाही हे बघतात. भोकरदनमध्ये निम्म्या गाड्या हॉर्नच्या भरवशावर चालतात, त्यामुळे लोकांना हा वेडेपणाच वाटतो. "पळायला काय, उतारावर दगडबी पळतो. थांबता आलं पाहिजे बराबर," हे अप्पांचं ठरलेलं वाक्य. पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी घेणाऱ्यालाही ते हेच ऐकवतात.

अप्पा पंचायत समितीतून निवृत्त झाले. त्यांची पांढरी गाडी त्यांच्याही आधी निवृत्त व्हायला हवी होती, पण तिची सगळी उस्तवार ते स्वतः करतात. मेकॅनिकला बोटही लावू देत नाहीत. "त्याच्या हातात दिली की आपण आपल्याच गाडीत पाहुणे," म्हणतात.

संक्रांतीनंतर पुढच्या चाकांचे कॅलिपर गंजून बसले. ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला चिमट्यासारखा धरतो, तो हा भाग. अप्पांनी जालन्याहून नवी जोडी आणून बसवली. त्यानंतर ब्रेकच्या तेलाच्या नळीत शिरलेली हवा काढावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकाशी बसून हवा बाहेर जायला कॅलिपरचा स्क्रू सैल करायचा. इतकी वर्षं ब्रेक दाबायला काकू असत. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. म्हणून अप्पांनी कुंपणावरून मला हाक मारली.

"सर, दहा मिन्टाचं काम हाय."

ते दहा मिनिटांचं काम दर रविवारी चालू आहे. "दाबा सर." "दाबलं." "धरा." "धरलं." मग चहा, मग काकूंनी एकदा भलताच पेडल दाबून कुंपण कसं पाडलं त्याची गोष्ट, मग पुन्हा "दाबा सर." हवा काही संपत नाही. आमची बायको विचारते, ब्रेक दुरुस्त करताय की सत्यनारायण घातलाय?

खरी घाई संभाजीनगरच्या मंदाताईंना होती. अप्पांची ही एकुलती एक लेक. तिनं गाडीला तीर्थपुरीचं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. गाडी विका, घराला कुलूप लावा आणि इकडं राहायला या, एवढंच तिचं म्हणणं. अप्पांचं उत्तर तयार असे. "बिनब्रेकची गाडी कोनाला देऊ? ब्रेक झाले की येतो."

मागच्या रविवारी माझं पेन खिशातून निसटून गाडीखाली गेलं. चाक काढलेलंच होतं. वाकलो तर स्क्रू कॅलिपरच्या खालच्या बाजूला दिसला. हवा वर चढते म्हणून हा स्क्रू कायम वर पाहिजे, हे मला अप्पांनीच शिकवलं होतं. म्हणजे डावा कॅलिपर उजवीकडं बसला होता आणि उजवा डावीकडं. आम्ही जन्मभर ब्रेक दाबला असता तरी वरची हवा जागची हलली नसती.

"अप्पा, हे उलटे बसलेत."

अप्पा फडक्यानं हात पुसत राहिले. "माहीत हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारी चुकूनच बसले. दुसऱ्या दिवशी ध्यानात आल्तं. मंग ऱ्हाऊ दिले." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "ब्रेक झाले की गाडी जाती. गाडी गेली की मंदी मला नेती. लेकरं चांगली हायत हो तिची. पण मंदी अन् जावई नोकरीला, लेकरं शाळेत गेली की मी दिवसभर गॅलरीत बसून काय करू? इथं रविवारी कोनी तरी माझ्या हाकंला ओ देतं."

फार वाईट वाटलं मला त्या माणसाचं.

तेवढ्यात बॉनेटवरचा फोन वाजला. मंदाताईच होत्या. अप्पांनी फोन पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"सर, झाले का हो ब्रेक? गिऱ्हाईक किती दिवस थांबंल?"

अप्पा चाकाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ताई," मी म्हणालो, "जुनी गाडी आहे. घाई करण्यातलं काम नाही हे. दिवाळीपर्यंत तरी धरून चला."